पिस्तूल ‘जॅम’ झालं म्हणजे नेमकं काय झालं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: क्लबचं .२२ स्पोर्ट पिस्तूल आहे, २५ मीटरची राज्य स्पर्धा तोंडावर आली आहे. प्रिसिजनमध्ये (सावकाश नेम धरायच्या टप्प्यात) तक्रार नाही, पण रॅपिडमध्ये (झटपट टप्प्यात) पाच-पाच राउंडच्या दर दोन-तीन सीरिजमागे एकदा तरी ते अडकतं. कधी पुढचा राउंड (काडतूस) नीट आत जात नाही, कधी रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीतच उभी राहते. कोच म्हणतात रिकॉइल स्प्रिंग (बोल्टला परत पुढे आणणारी) बदला, शेजारच्या लेनवरचा मित्र म्हणतो फीड रॅम्पवर (राउंडला नळीत चढवणाऱ्या उतारावर) थोडी कानस फिरवा. कुणाचं ऐकायचं?

आत्ता तरी दोघांचंही नको. कोचचं कदाचित नंतर ऐकावं लागेल, मित्राचं मात्र कधीच नाही.

तुम्ही एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या आहेत. राउंड आत न जाणं हा एक बिघाड, पुंगळी बाहेर न पडणं हा दुसरा. रेंजवर आपण दोन्हीला ‘जॅम’ म्हणतो आणि तिथेच शोध थांबतो. फक्त राउंड आत जात नसता तर मी सरळ मॅगझिनकडे, म्हणजे राउंड भरायच्या पेटीकडे, बोट दाखवलं असतं. फक्त पुंगळ्या अडकत असत्या तर एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढणारा आकडा), इजेक्टर (तिला बाहेर फेकणारा भाग), चेंबर (नळीतली राउंड बसायची जागा) असं बघत गेलो असतो. पण दोन्ही गोष्टी एकाच पिस्तुलात, आलटून पालटून होत असतील, तर पहिला संशय असा की बोल्ट, म्हणजे शॉटनंतर मागे जाऊन परत पुढे येणारा भाग, पूर्ण मागे जात नाही. तो अर्धवट मागे गेला की पुंगळी इजेक्टरवर जोरात आपटत नाही, खिडकीत लोळते, आणि परत येणारा बोल्ट तिला उभीच चिमटीत पकडतो. आणखी थोडा मागे गेला तर पुंगळी कशीबशी बाहेर पडते, पण मॅगझिनमधल्या राउंडच्या मागे पोचायला बोल्टला जागा मिळत नाही. मग तो राउंडच्या पाठीवरून घसरतो किंवा रिकाम्या चेंबरवर बंद होतो. तुम्ही ट्रिगर ओढता आणि नुसतं ‘टक’.

पिस्तूल मी पाहिलेलं नाही, मॉडेल तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे काही गोष्टी अंदाजानेच सांगणार. वॉल्थर जीएसपी किंवा पार्दिनी एसपी असेल तर मॅगझिन ट्रिगरच्या पुढे बसतं, जुनं हॅमर्ली २०८ असेल तर मुठीत. तपासायच्या जागा थोड्या बदलतात, तर्क तोच राहतो.

आधी सुरक्षेचं, कारण अडकलेलं पिस्तूल हे भरलेलं पिस्तूल असतं. नळी टार्गेटकडे, बोट ट्रिगरच्या बाहेर, आधी मॅगझिन काढा, मग बोल्ट मागे. राउंड पेटलाच नाही तर लगेच बोल्ट ओढू नका. नळी टार्गेटकडेच धरून अर्धा मिनिट थांबा, उशिरा पेटणारं काडतूस क्वचित असतं पण असतं. आवाज नेहमीपेक्षा बारीक आला, ‘फुस्स’ असा, तर पुढचा राउंड मारायचा नाही म्हणजे नाही. गोळी नळीतच बसलेली असू शकते. पिस्तूल रिकामं करून मागून रॉड घालून नळी मोकळी आहे याची खात्री करा. आणि .२२ चं खास पथ्य: या काडतुसाचा पेट घेणारा मसाला बुडाच्या मधोमध नसतो, कडेच्या रिममध्ये सगळीकडे पसरलेला असतो. म्हणून अर्धवट घुसलेला जिवंत राउंड स्क्रू-ड्रायव्हरने रिमला टोचून काढायचा प्रयत्न करू नका. त्याच ठिकाणी फायरिंग पिन मारते. लेनवर असाल तर रेंज ऑफिसरला बोलवा.

आता ‘रॅपिडमध्येच अडकतं’ याबद्दल. रॅपिडमध्ये टार्गेट तीन सेकंद दिसतं, सात सेकंद नसतं, आणि प्रत्येक वेळी हात खाली नेऊन वर आणून एकच राउंड मारायचा असतो. म्हणजे पिस्तुलाला घाई अशी काही नाहीच. बोल्टचं मागे-पुढे होणं दोन्ही टप्प्यांत सारखंच, क्षणार्धात संपतं. मग फरक कुठून येतो? मला चार जागा दिसतात.

एक, मळ. प्रिसिजन आधी होतं. पाच सायटर (नेम जुळवायचे, गुण न धरले जाणारे) आणि तीस स्पर्धेचे, असे पस्तीस राउंड मारून झाल्यावर तुम्ही रॅपिडला उभ्या राहता. कदाचित तुमचं पिस्तूल रॅपिडमध्ये अडकत नसेल, पस्तिसाव्या राउंडनंतर अडकत असेल. हे तपासणं सोपं आहे. एक दिवस स्वच्छ पिस्तुलाने थेट रॅपिड सुरू करा, नंतर प्रिसिजन मारा. तक्रार प्रिसिजनमध्ये सरकली, तर चोर सापडला.

दोन, हात. रॅपिडमध्ये वेळेच्या धास्तीने शॉट सुटायच्या क्षणी मनगट सैल पडतं. ब्लोबॅक पिस्तुलात, म्हणजे जिथे वायूचा दाबच बोल्टला मागे ढकलतो तिथे, बोल्ट मागे जायचा तर बाकीचं पिस्तूल जागेवर राहायला हवं. तेच हाताबरोबर मागे आलं तर बोल्टची धाव तेवढी कमी होते. जड स्पर्धेच्या पिस्तुलात हे कमी जाणवतं, हलक्यात जास्त. तपासायला तुमच्यापेक्षा घट्ट मूठ असलेल्या कुणाला तरी तेच पिस्तूल, तोच राउंडचा डबा, तेच मॅगझिन द्या. त्याच्या हातात सुरळीत चाललं तर स्प्रिंगचे पैसे वाचले.

तीन, मॅगझिन घाईत भरणं. यावर पुढे बोलतो, कारण खरी मजा तिथे आहे.

चार, ट्रिगर पूर्ण पुढे न सोडणं. शॉटनंतर बोट अर्धवट ढिलं केलं की ट्रिगर पुन्हा पकडत नाही, पुढचं टार्गेट येतं, ओढता आणि काहीच होत नाही. नवीन नेमबाज यालाही जॅम म्हणतात. हा पिस्तुलाचा बिघाड नाही आणि स्पर्धेत तो धरलाही जात नाही.

माझ्या कामाचा एक नियम आहे: अडकलं की लगेच सोडवायचं नाही, आधी बघायचं. सरावात अर्थातच, नळी टार्गेटकडे ठेवून. बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया बोल्ट खाडकन मागे ओढण्याची असते, आणि पुरावा जमिनीवर पडतो. चष्मा डोळ्यांवर ठेवून बाजूने नजर टाका. राउंडचं नाक कुठे टेकलंय, चेंबरच्या खालच्या काठाला की वरच्या? बोल्ट किती उघडा राहिलाय, बोटभर की कागदभर? पुंगळीचं तोंड वर आहे की बूड? मोबाईलने फोटो काढायला हरकत नाही, पण रेंज ऑफिसरला विचारून आणि पिस्तूल खाली ठेवून.

नाक खालच्या काठाला रुतलं असेल, तर राउंड मॅगझिनमधून पुरेसा वर उठत नाही: मॅगझिन पूर्ण बसलेलं नाही, त्याची स्प्रिंग थकली आहे, किंवा आत मेण साठलं आहे. नाक वर आपटत असेल, तर मॅगझिनचे ओठ, म्हणजे वरच्या दोन वळलेल्या कडा, राउंड लवकर सोडताहेत. राउंड जवळजवळ पूर्ण आत गेलाय आणि बोल्ट कागदभर उघडा आहे, तर मॅगझिनला दोष देऊ नका, चेंबर घाण आहे.

मॅगझिनवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. शिलाई मशीन टाके सोडायला लागलं की जाणता माणूस आधी सुई आणि दोरा बदलून बघतो, मशीन उघडत नाही. पिस्तुलाचा दोरा म्हणजे राउंड आणि सुई म्हणजे मॅगझिन. तुमच्याकडे किमान दोन मॅगझिन असतीलच. मार्करने बुडावर १ आणि २ लिहा आणि प्रत्येक अडकण्याची नोंद ठेवा: कुठलं मॅगझिन, पाचातला कितवा राउंड, काय झालं. दोन-तीन सरावांत चित्र दिसायला लागतं. सगळे अडथळे मॅगझिन २ चे निघाले तर बाकी काही वाचायची गरज नाही. नेहमी पाचवाच राउंड खाली राहत असेल तर मॅगझिनची स्प्रिंग किंवा फॉलोअर (राउंडना वर उचलणारी पट्टी). नेहमी पहिलाच असेल तर मॅगझिन नीट बसवलं जात नाही, किंवा बोल्ट सोडताना हाताने धरून हळू पुढे आणताय. तो सोडायचा असतो, पोचवायचा नसतो.

ओठ तपासायचे तर रिकामं मॅगझिन खिडकीच्या उजेडात आडवं धरा आणि चांगल्या मॅगझिनशेजारी ठेवून दोन्हींच्या कडा समोरून बघा. दोन्ही बाजूंचं वळण सारखं हवं. फरशीवर पडलेल्या मॅगझिनचा एक ओठ केसभर बाहेर गेलेला असतो, नखाने चाचपलं तरी कळतं. पक्कड घेऊन तो वाकवायचा मोह आवरा. केसभर इकडे-तिकडे झालं की एका तक्रारीच्या जागी दुसरी येते. ते मॅगझिन सरावापुरतं ठेवा, स्पर्धेला नवीन घ्या.

.२२ च्या काडतुसाला बुडाशी रिम असते, ती पुंगळीच्या अंगापेक्षा रुंद. मॅगझिनमध्ये वरच्या राउंडची रिम खालच्याच्या रिमच्या पुढे असायला हवी. ती मागे गेली तर बोल्ट वरच्याला ढकलतो, त्याची रिम खालच्याच्या रिमला अडते आणि दोघंही जागचे हलत नाहीत. घाईत भरताना हेच होतं. बाजूच्या फटीतून बघा, पाचही नाकं एका तिरक्या रेषेत दिसायला हवीत. एखादं मान खाली घालून बसलं असेल तर सगळे काढून पुन्हा भरा. मॅगझिन तळहातावर आपटून राउंड ‘बसवायची’ सवय असेल तर सोडा.

   

आता राउंड. डब्यावरचं नाव एक असलं तरी लॉट (कारखान्यातली खेप) बदलला की वागणं बदलू शकतं, म्हणून लॉट नंबर नोंदीत लिहा. बहुतेक टार्गेट पिस्तुलं स्टँडर्ड व्हेलॉसिटीसाठी बनलेली असतात: २.६ ग्रॅमची शिशाची गोळी, वेग साधारण सेकंदाला ३२० ते ३३० मीटर. ‘पिस्तूल अडकतं म्हणून जोरदार राउंड वापरा’ असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. हाय व्हेलॉसिटीने बोल्ट मागच्या बाजूला आपटत राहतो, धक्का झेलणारा बफर आणि पिस्तुलाचा सांगाडा त्याची किंमत मोजतात. उलट, रायफलसाठीचे सबसॉनिक राउंड स्वस्तात मिळाले म्हणून भरले असतील तर बोल्टला पुरेसा धक्काच बसत नाही आणि वर सांगितलेलं अर्धवट मागे जाणं सुरू होतं. एलीचं, लापुआचं, एसकेचं पिस्तुलासाठीचं काडतूस वेगळं मिळतं. शक्य असेल तर एक डबा आणून तुलना करा, पण त्या दिवशी बाकी काहीच बदलू नका. स्प्रिंग, तेल आणि राउंड एकाच दिवशी बदलले आणि पिस्तूल सुधारलं, तर कशाने सुधारलं हे कधीच कळणार नाही.

या गोळ्यांवर मेणाचा थर असतो. मे महिन्यात गाडीच्या डिकीत डबा राहिला की ते मेण पाघळतं, नंतर गोठतं आणि चेंबरच्या पुढच्या भागात जळक्या दारूबरोबर कडं धरतं. कागदभर उघडा राहणारा बोल्ट बहुतेक वेळा या कड्यामुळे. नळी आरपार पुसून ते जात नाही. चेंबरपुरता ब्राँझ ब्रश मागच्या बाजूने घालून फिरवावा लागतो, मग कोरडी चिंधी. आणखी एक काळजी: असा राउंड न मारता बाहेर ओढला तर कधीकधी गोळी पुढे रुतून राहते, पुंगळी तेवढी येते आणि दारू पिस्तुलाच्या यंत्रणेत सांडते. बाहेर आलेल्या राउंडला गोळी आहे ना, हे दर वेळी बघा.

एक्स्ट्रॅक्टरबद्दल लोकांचा एक गैरसमज आहे. ब्लोबॅक .२२ मध्ये मारलेली पुंगळी मुख्यतः वायूच्या दाबाने मागे येते, एक्स्ट्रॅक्टर तिला फक्त धरून इजेक्टरपर्यंत नेतो. त्यामुळे आकडा झिजलेला असूनही पिस्तूल बऱ्यापैकी चालल्यासारखं वाटतं. खरी परीक्षा न मारलेल्या राउंडची. रेंजवर बोल्ट हाताने मागे ओढला आणि जिवंत राउंड आतच राहिला, तर एक्स्ट्रॅक्टर दोषी. आणखी एक तपासणी: पिस्तूल रिकामं करून बोल्ट बाहेर काढा आणि एक रिकामी पुंगळी बोल्टच्या तोंडावर एक्स्ट्रॅक्टरखाली सरकवा. बोल्ट हलकेच हलवला तरी ती टिकायला हवी. लगेच गळून पडली तर आकड्याखाली काळा चिखल साचलाय का बघा. टूथपिकने खरवडल्यावर पेन्सिलीच्या शिशासारखा चिवट तुकडा निघतो. तो निघाल्यावरही पुंगळी गळत असेल तर आकडा किंवा त्याची स्प्रिंग बदला. भाग लहान आहेत, पण काम आर्मररकडून (शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याकडून) करून घ्या.

पुंगळ्या कुठे पडतात याकडेही लक्ष असू द्या. पूर्वी उजवीकडे लांब, एका ठिकाणी पडायच्या आणि आता मनगटावर किंवा पायाशी पडतात, तर बोल्टचा जोर कमी झाला आहे. अडकायला सुरुवात होण्याच्या बरंच आधी हे दिसतं, पण जमिनीकडे बघतो कोण!

तेल. पावसाळ्यात गंज येईल म्हणून लोक पिस्तूल तेलाने न्हाऊ घालतात. ते तेल मेण आणि काजळीत मिसळून गोंद होतं आणि बोल्ट जड चालतो. बोल्ट सरकतो त्या रुळांवर बोटाच्या टोकाने पुसल्याएवढं तेल पुरे. फायरिंग पिनच्या भोकात आणि मॅगझिनमध्ये तेल नको. मॅगझिन उघडून कोरडं पुसा.

एक जागा मात्र आधी बघून ठेवा, कारण क्लबच्या पिस्तुलात ती हमखास दुर्लक्षित असते. रिकाम्या चेंबरवर ड्राय फायर करत, म्हणजे राउंड न भरता नुसता ट्रिगर ओढत राहिलं की फायरिंग पिन चेंबरच्या काठावर आपटते, खड्डा पडतो आणि त्याच्या कडेला धातू आत उठतो. राउंड तिथे घासून अडतो, पुंगळीही तिथेच धरली जाते. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून बोल्ट काढा, टॉर्चने काठ बघा, मग कानकाडीचा कापूस काठावरून गोल फिरवा. एका ठिकाणी धागा अडकला तर तोच उठलेला काठ. पुंगळ्यांवरही त्याच बाजूला एक सरळ ओरखडा दिसेल. तो काठ दाबून जागेवर बसवायचं हत्यार असतं, ते आर्मररकडे मिळेल. घरी ड्राय सराव करायचा असेल तर पिस्तुलातली ड्राय फायरची सोय वापरा, ती नसेल तर चेंबरमध्ये मारलेली पुंगळी ठेवा आणि थोड्या थोड्या वेळाने फिरवत चला.

कानशीला नाही का म्हणालो? फीड रॅम्पचा कोन कारखान्यात ठरलेला असतो, आणि कानशीने काढलेला धातू परत येत नाही. तो भाग नळीचाच असेल तर नळी बदलण्याची पाळी येते, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या आपल्या परवाना-व्यवस्थेत ती दुकानातून पिशवीत घालून आणायची वस्तू नाही. रॅम्प काळा पडला असेल तर कापडाने चकचकीत पुसा, तेवढंच.

आणि कोचच्या स्प्रिंगचं? सगळं झाल्यावर. मॅगझिन दोन्ही ठीक, राउंड योग्य, चेंबर स्वच्छ, दुसऱ्याच्या हातातही अडकतंय, पुंगळ्या जवळ पडताहेत, तर आधीच्या मालकाने चुकीची, जास्त कडक स्प्रिंग घातली आहे का बघा. पुंगळ्या लांब उडताहेत पण बोल्ट पुढे पूर्ण बंद होत नाही, तर स्प्रिंग थकली आहे. नवी स्प्रिंग त्याच मॉडेलची, त्याच काडतुसासाठीची घ्या. जुनी कापून किंवा ताणून चालवू नका.

स्पर्धेत अडकलं तर यातलं काहीच करायचं नाही. पिस्तूल टार्गेटकडे धरून ठेवा, रिकामा हात वर करा, रेंज ऑफिसर येईपर्यंत बोल्टला, सेफ्टीला हात लावू नका. त्यांनी बघायच्या आधी तुम्ही बोल्ट ओढलात तर खरा बिघाडही नामंजूर होतो. मॅगझिन न बसवल्याने, राउंड कमी भरल्याने किंवा सेफ्टी न काढल्याने शॉट गेला नाही तर ती नेमबाजाची चूक धरतात. टोकियोत २०२१ मध्ये मनू भाकरच्या एअर पिस्तुलात ऐन पात्रता फेरीत बिघाड झाला, त्यात मिनिटं गेली आणि ती बाराव्या स्थानावर राहिली. बिघाड वेगळ्या जातीचा होता, पण घड्याळ सगळ्यांचं सारखंच चालतं. म्हणून हात वर करायचाही सराव करा, कोचना मुद्दाम मध्येच एक रिकामी पुंगळी भरायला सांगा.

यानंतरही तक्रार राहिली तर आर्मररकडे नुसतं पिस्तूल नेऊ नका. दोन्ही मॅगझिन, तुम्ही ठेवलेली नोंद, ओरखडे पडलेल्या चार-पाच पुंगळ्या आणि राउंडच्या डब्याचं लॉट नंबर असलेलं झाकण बरोबर असू द्या. जे काही बदललं जाईल ते स्पर्धेच्या निदान दोन आठवडे आधी बदलून घ्या आणि मधल्या काळात प्रिसिजन-रॅपिड असे पूर्ण सामने, मध्ये पिस्तूल न पुसता, मारून बघा.